चौथा मजला आणि आण्णांचं वजन

माणूस खोटं बोलतो, आरसा खोटं बोलतो, पण वजनकाटा कधीही खोटं बोलत नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात हे वाक्य सुवाच्य अक्षरांत रंगवून भिंतीवर लावलेलं होतं. त्याच्या बरोबर खाली जो काटा ठेवलेला असे, तो वर कुणीही उभं नसताना चार किलो दाखवायचा. डॉक्टर ते चार मनातल्या मनात वजा करत. एखाद्या दिवशी गर्दी असली की विसरत, आणि त्या दिवशी कोपरखैरण्यातले बरेच लोक चिंतेत घरी जात.

डॉक्टर कोकणी मुसलमान. घर रायगडच्या किनाऱ्यावरचं, शिक्षण मुंबईचं, दवाखाना आमच्या सेक्टरमधल्या एका रो-हाऊसच्या पुढच्या खोलीत, बिऱ्हाड आमच्या शेजारच्या इमारतीत. हाताला गुण होता. ताप, जुलाब, लहान मुलांच्या नाकात गेलेले शेंगदाणे, सासू-सुनेची भांडणं, सगळं ते बरं करत. फक्त वजन हा विषय निघाला की त्यांचा आवाज जरा जड व्हायचा आणि वाक्यं लहान व्हायची. "तेलकट बंद. गोड बंद. भात बंद. चालायला जा." हे ते सगळ्यांना सांगत. जाड माणसाला सांगत, बारीक माणसालाही सांगत, आणि एकदा पोस्टमनलाही सांगितल्याचं मी स्वतः ऐकलं आहे. स्वतः डॉक्टर गोल होते. खुर्चीतून उठताना ते टेबलाची मदत घेत.

आमच्या घरी हा विषय आला तो आण्णांच्या गुडघ्यांमुळे. आण्णा म्हणजे माझे वडील. ते कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर मेहताजी होते, म्हणजे हिशेब लिहीत. बाजार मुंबईहून खाडीपलीकडे वाशीला आला, तसे आम्हीही मागोमाग आलो आणि कोपरखैरण्यात लॉटरीत घर लागलं. चौथा मजला, वर गच्ची, लिफ्ट नाही.

ते घर आण्णांना प्राणाहून प्रिय होतं, आणि त्याचं कारण ते लपवत नसत. मुंबईत मस्जिद बंदरच्या चाळीत ते पंधरा-वीस वर्षं दुसऱ्यांच्या पायाखाली राहिले होते. वरच्या बिऱ्हाडात मिरच्या कुटल्या की खाली आण्णांच्या चहात चुना पडायचा. साताऱ्याकडून आलेला माणूस, पण आयुष्यातली महत्त्वाकांक्षा एवढीच की आपल्या डोक्यावर कुणाचे पाय वाजू नयेत. चौथ्या मजल्यावर ती पूर्ण झाली. संध्याकाळी ते गॅलरीत खुर्ची टाकून बसत. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसरीकडून खाडीचा वारा. थोड्या वेळाने मान वर करून छताकडे बघत आणि समाधानाने म्हणत, "ऐक. काय ऐकू येतंय?"

"काही नाही," मी म्हणायचे.

"तेच."

आईचं मत वेगळं होतं. पावसाळ्यात छत गळायचं, उन्हाळ्यात तापायचं, आणि गॅसचं सिलिंडर वर आणणारा माणूस दर वेळी आईकडे असं बघायचा की जणू हे घर तिनेच इतकं उंच बांधून घेतलंय. त्यात आण्णांचे गुडघे. मार्केटमधून आल्यावर ते दुसऱ्या मजल्यावर थांबत. थकले म्हणून नव्हे, असं त्यांचं म्हणणं. तिथे सोसायटीचा नोटीस बोर्ड होता. पाण्याची टाकी साफ करण्याची तीच ती नोटीस त्यांनी इतक्या वेळा वाचली होती की ती त्यांना पाठ असावी.

तळमजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहत. त्यांना खालचे डास आणि उंदीर सहन होत नव्हते आणि वरचा वारा हवा होता. त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांनी आईला विचारलं की घरं बदलायची का. आईने घरी येऊन जाहीर केलं, "दिवाळी खाली करायची."

आण्णा गॅलरीतून आत आले. "म्हणजे बाईंचे पाय माझ्या डोक्यावर?"

"त्या चौथ्या मजल्यावर ऱ्हातील. मधे तीन बिऱ्हाडं हायेत."

"मग तीन बिऱ्हाडांचे."

"अवो, गुडघ्यांचं काय करताय ते सांगा. नोटीस वाचून गुडघं बरं हुत न्हाईत."

शेवटी दोघांनी ठरवलं की डॉक्टर म्हणतील ते ऐकायचं. मी तेव्हा वाशीच्या एका शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. पंच म्हणून मला बरोबर नेलं.

डॉक्टरांनी गुडघे वाकवले, सरळ केले, कान लावून त्यांचा आवाज ऐकला. मग आण्णांना काट्यावर उभं केलं आणि आठवणीने चार वजा करून म्हणाले, "ब्याण्णव. काका, गुडघा चांगला आहे हो तुमचा. त्याच्यावर बसलेला माणूस जास्त आहे."

"किती पायजे?"

डॉक्टरांकडे एक सूत्र होतं. उंचीच्या सेंटिमीटरमधून शंभर वजा करायचे. आण्णांच्या बाबतीत उत्तर पासष्ट आलं.

"पासष्ट?" आण्णा म्हणाले. "पासष्टला माझं लगीन झालं डॉक्टर. तवा सासरचे म्हणाले, पोरगं आजारी हाय का?"

डॉक्टरांनी बराच विचार केला आणि ऐंशीवर आले. आण्णा नव्वदवर होते. बाजारात भाव ठरतो तसा पंच्याऐंशीवर सौदा पटला. "दिवाळीपर्यंत पंच्याऐंशी झाले तर चौथा मजला," डॉक्टर म्हणाले, "नाही झाले तर काकी म्हणतात तसं. ओके?"

आई म्हणाली, "आन् खायाचं काय?"

इथे डॉक्टरांचा आवाज जड झाला. "तेलकट बंद. गोड बंद. भात बंद."

"भात आमच्यात सणालाच असतो," आई म्हणाली. "आमी भाकरीवालं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. भात बंद करून ज्याचं काहीही बिघडत नाही असा रुग्ण बहुधा त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. त्यांनी चहा मागवला, आणि चहाबरोबर, मला वाटतं प्रामाणिकपणाच्या भरात, सांगून टाकलं. "काकी, खरं बोलू? आम्हाला कॉलेजात हाडांवर वर्षभर शिकवलं. आहारावर एक लेक्चर होतं, जेवणाच्या सुट्टीच्या आधी. आम्ही लवकर जेवायला गेलो. भात बंद म्हणजे काय ते मला विचारा. माझ्या घरी भातालाच जेवण म्हणतात. पण पुढच्या रविवारी वाशीला आम्हा डॉक्टरांचा सेमिनार आहे. वजन, आहार, व्यायाम, सगळी लेटेस्ट माहिती देणार आहेत. मग या."

आम्ही मग गेलो. सेमिनार एका हॉटेलात झाला होता, औषधांच्या कंपनीने केला होता, आणि त्याची आठवण काढताना डॉक्टर आधी गुलाबजामबद्दल बोलले. पण त्यांनी एक चार्ट आणला होता. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. टोस्टचा एक तुकडा, त्यापुढे कॅलरीचा आकडा. उकडलेली शतावरी. ब्रोकोली. बिनसायीचं दही. भाजलेला मासा, त्याला काटे नव्हते आणि डोकंही नव्हतं. तो डॉक्टरांनाही ओळखता आला नाही.

आईने चार्ट वरपासून खालपर्यंत पाहिला. "ह्यात पिठलं कुठाय?"

"पिठलं," डॉक्टर म्हणाले, "पिठलं म्हणजे सूप धरा."

"आन् भाकरी?"

"भाकरी म्हणजे टोस्ट. एक भाकरी, दोन टोस्ट. असं धरून चला."

दुसऱ्या दिवशी आईने फडक्यात गुंडाळून एक ज्वारीची भाकरी दवाखान्यात नेली आणि टेबलावर उलगडली. आमच्या घरची भाकरी ताटाच्या काठापर्यंत जायची. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप बाजूला ठेवला. भाकरी उचलून बघितली, बोटांत तिची जाडी घेतली, उलटी केली.

"काकी, ह्याला कुठला टोस्ट म्हणायचं? ही तर अख्खी बेकरी आहे." मग एक कोपरा मोडून खाल्ला. मग दुसरा. कंपाउंडरला हाक मारून त्यालाही दिला. भाकरी संपल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "काका रोज किती खातात?"

"सकाळी दोन, रातच्याला दोन."

"एक-एक करा."

आधुनिक आहारशास्त्रातली एवढीच एक गोष्ट शेवटी आमच्या घरी लागू झाली, आणि ती त्या चार्टवर नव्हती. चार्ट आईने फ्रिजवर लावला. पाहुणे आले की ब्रोकोलीच्या चित्रावर बोट ठेवून विचारत, हा फ्लॉवर सडलाय का.

व्यायामाचं जरा अवघड गेलं. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चाला. आण्णांनी विचारलं, "कुठं?" डॉक्टर म्हणाले, "कुठेही नाही. नुसतं चालायचं आणि परत यायचं." आण्णांना हे पटेना. आमच्या गावाकडे माणूस बैल हरवला तर चालतो, नाहीतर लग्नाला चालतो. काहीही काम नसताना चालत गेला आणि तसाच परत आला, तर घरचे काळजी करतात. तेव्हा त्यांनी बस सोडली आणि मार्केटला पायी जायला लागले. कोपरखैरण्याहून निघायचं, सरळ रस्त्याने वाशीच्या दिशेला, मग मार्केट. संध्याकाळी तसेच परत. पाऊस लागला तेव्हा छत्री, रेनकोट आणि गमबूट घालून.

याच सुमारास दवाखान्यातला काटा कायमचा गेला. एका कुटुंबातली तीन मुलं त्यावर एकदम उभी राहून उड्या मारत होती, आणि आतली स्प्रिंग तुटली. सेमिनारवाल्या औषध कंपनीने नवीन काटा द्यायचं कबूल केलं होतं, पण त्याला वेळ होता. डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही कुठेही वजन करा आणि मला आकडा सांगा." वाशी स्टेशनवर नाणं टाकायचं मशीन होतं. त्याने वजनाबरोबर आण्णांना लवकरच परदेशप्रवास घडेल असं छापून दिलं, म्हणून आण्णांचा त्यावरचा विश्वास उडाला.

मग त्यांना सुचलं की ज्या गाळ्यावर रोज टनावारी कांदा मोजला जातो, तिथल्या काट्यासारखा काटा नवी मुंबईत दुसरा कुठला? गाळ्यावरचा मापाडी, म्हणजे माल तोलणारा, आमच्याच साताऱ्याकडचा. आण्णांचा जुना दोस्त, मोठ्या आवाजाचा. आण्णा काट्यावर चढून त्याला म्हणाले, "पाव्हणं, दोस्ती बाजूला. मालाला लावतोस तेच माप मला लाव. रत्तीचा फरक नको."

मापाडी दुखावला. "मेहताजी, मी कधी कुणाला येगळं माप लावलंय का?"

काटा स्थिर झाला, आणि त्याने सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "एकोणनव्वद!"

आण्णा घरी आले ते पेढे घेऊन. आईने पेढे काढून घेतले. पण तिलाही आश्चर्य वाटलं. पावसाने जोर धरला तसे आकडे खाली यायला लागले. अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी. श्रावणात शहाऐंशी. मुसळधार पावसाच्या आठवड्यात तर एकदम उतार पडायचा. डॉक्टरांनी सांगितलं की पावसाळ्यात पचन बदलतं. हे त्यांनी कुठे वाचलं होतं ते मला कळलं नाही, पण ऐकायला शास्त्रीय वाटलं. गणपती गेले आणि मापाडी ओरडला, "पंच्याऐंशी!" हमालांनी आण्णांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, दोन पावलं टाकली आणि परत ठेवलं. तिथेच कुणीतरी शहाणा माणूस असता तर त्याला शंका आली असती.

डॉक्टरांचा आनंद आण्णांपेक्षा मोठा होता. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये त्यांच्या सल्ल्याने कुणाचं वजन कमी झालेलं त्यांनी प्रथमच पाहिलं. खरं तर पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला आण्णांची गोष्ट सांगत. आता चार्टपेक्षा आण्णाच त्यांना पुरावा म्हणून पुरेसे होते. नवीन काटा आला तेव्हा त्यांनी ठरवलं की आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जाहीर व्याख्यान द्यायचं, काट्याचं उद्घाटन करायचं, आणि पहिलं वजन आण्णांचं.

रविवार. हॉलमध्ये कापडी फलक : 'वजन, आहार व व्यायाम – आधुनिक मार्गदर्शक तत्त्वे'. सोसायटीचे चेअरमन आरोग्य ही राष्ट्राची संपत्ती आहे या विषयावर जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. नारळ फोडला. काट्याला हळदकुंकू लावलं, आणि झेंडूचा हार घातला, तेव्हा काटा पाव किलो पुढे सरकला. हे पहिल्या रांगेतल्या फार थोड्या लोकांच्या लक्षात आलं. डॉक्टर आता जड आवाजातही लांब वाक्यं बोलत होते. तळमजल्यावरच्या बाई दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांचा चेहरा पडलेला होता, कारण पंच्याऐंशी झाले तर वारा गेला. आई त्यांच्या शेजारी होती. आण्णांनी साक्षीला मापाड्यालाही बोलावलं होतं. तो इस्त्रीचा सदरा घालून, गाळ्यावरच्या चार हमालांना घेऊन मागे उभा होता.

आण्णा चपला काढून, कोरड्या सदऱ्यात काट्यावर चढले. डॉक्टर वाकले. वाकलेलेच राहिले.

"किती?" चेअरमन म्हणाले.

"नवीन काटा आहे," डॉक्टर म्हणाले. "सेट व्हायला वेळ लागतो."

चेअरमन स्वतः वाकले आणि सभेला सांगितलं, "एक्क्याण्णव."

हार काढून पाहिला. पावणेएक्क्याण्णव. हॉलमध्ये कुजबुज झाली. डॉक्टरांनी घाम पुसला आणि म्हणाले, "काका, तुम्ही तर पंच्याऐंशी म्हणाला होता."

आण्णांनी मागे बघितलं. "पाव्हणं?"

मापाडी जराही गडबडला नाही. "मग बरूबर हाय की. एक्क्याण्णवच. त्यातनं कडता जाऊंद्या."

"कसला कडता?"

"बारदानाचा आन् ओलीचा."

बाजाराबाहेरच्या लोकांना हे समजावून सांगावं लागलं, आणि ते काम मान खाली घालून आण्णांनीच केलं. कांदा पोत्यासकट तोलतात, म्हणून पोत्याचं वजन कापायचं. ते बारदान. माल ओला असेल तर ओलीपायीही काही कापायचं. जेवढा पाऊस, तेवढी जास्त कापणी. आण्णांनी स्वतःच बजावलं होतं, मालाला लावतोस तेच माप लाव. मापाड्याने छत्री, रेनकोट, गमबूट यांचं बारदान धरलं, वर ओल धरली. आषाढात ओल थोडी, श्रावणात जास्त. आण्णांनी जन्मभर हा कडता हिशेबात लिहिला होता. तो इतका अंगवळणी पडलेला होता, की आपल्याच वजनातून तो कापला जातोय हे त्यांना ऐकूच आलं नाही.

"मेहताजी," मापाडी म्हणाला, "तुमी निथळत यायचा. ओल न्हाई धरली तर गिऱ्हाईक बोंबलतं."

आधी हमाल लोक हसले, मग अख्खा हॉल. डॉक्टरांनाही हसू आवरेना. ते टेबलाला धरून हसले आणि टेबलही हललं. चेअरमननी आधुनिक तत्त्वांबद्दल आभार मानून सभा संपवली.

आई उठली. डोळे पुसत, पण बेत पक्का. "चला. बाई, तुमचं सामान बांधायला घ्या. दिवाळी मी खाली करती."

आण्णा काट्यावरून उतरले. चपला घातल्या आणि निघाले. आम्हाला वाटलं रुसले. डॉक्टर म्हणाले, थांबा, मी बोलतो, आणि आम्ही तिघं त्यांच्या मागे जिन्यापाशी आलो. आण्णा जिना चढायला लागले होते, मागून आम्हीही चढू लागलो. पहिला मजला झाला. दुसऱ्यावर नोटीस बोर्ड आला. तिथे खरोखरच नवीन नोटीस लागली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कठडा धरला नाही. तिसऱ्याच्या वळणावर त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला, एकसारखा, घाई नाही, थांबा नाही, आणि मग वर किल्ली कुलपात फिरली.

आई दुसऱ्या मजल्यावर थांबली होती. कमरेवर हात ठेवून ती नोटीस वाचत होती.

डॉक्टर तिच्यापासून चार पायऱ्या खाली बसले होते, शर्टाचं वरचं बटण सोडून. "काकी," ते धापा टाकत म्हणाले, "हे कसं काय झालं?"

"मला काय इचारता? डॉक्टर तुमी."

डॉक्टरांनी जरा दम खाल्ला. पाच महिने रोज दोन वेळा मार्केट, भाकऱ्या निम्म्या, वजनात किलोभराचा फरक, आणि गुडघा गप्प. सूत्रात हे कुठे बसत नव्हतं. "चालण्यानं झालं," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं. "मी सांगतो ते खरंच लागू पडतं की!"

वरून आण्णांची हाक आली. "या की वर! चहा टाकलाय. वारा बघा कसला सुटलाय!"

आईने नोटीस शेवटपर्यंत वाचली. मग आम्हाला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "छत तेवढं दुरुस्त करून घ्या म्हनावं." आणि चढायला लागली. ती तिसऱ्यावरही थांबली. दुसऱ्या दिवसापासून ती आण्णांबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत चालायला जाऊ लागली. भाजी आणायला जाते असं सांगायची, आणि रोज कोथिंबीर आणायची. त्या वर्षी आमच्या घरी पोह्यांत हिरवा रंग पिवळ्यापेक्षा जास्त होता.

त्या दिवसानंतर डॉक्टरांनी उंचीचं सूत्र वापरणं बंद केलं. चार्ट परत मागितला नाही. कुणी वजनाबद्दल विचारलं की ते खुर्चीत मागे रेलत आणि म्हणत, "जिना किती मजल्यांचा आहे तुमचा? न थांबता चढता का?" त्यांचा आवाज आता जड होत नसे. माणसाची प्रकृती आकड्यात नसते, ती त्याच्या पायांत असते आणि पाय ज्याचे त्यालाच वापरावे लागतात, असं ते फार आत्मविश्वासाने सांगत, आणि ऐकणाऱ्याला ते पटत असे. भिंतीवरची जुनी पाटी काढून त्यांनी हेच वाक्य तिथे रंगवून घेतलं.

चौथ्या मजल्यावरची ती दिवाळी आम्ही गच्चीत दिवे लावून केली. तळमजल्यावरच्या बाईंनाही शेवटी वारा मिळाला, शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. ते घर डॉक्टरांचं होतं. डॉक्टर बाईंच्या तळमजल्यावर राहायला आले.